ओल्या मैदानाचे बूट

यंदा पुन्हा टँकर सुरू झालेत. सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी घागरी, पिंपं, रंगाचे रिकामे डबे रांगेत उभे राहतात आणि माणसं सावलीला बसून आपापल्या डब्यावर नजर ठेवतात. संक्रांत होऊन गेलेली असते. ऊन अजून तापलेलं नसतं, पण कोरडं असतं. आधी ओठ फुटतात, मग टाचा. नेमक्या ह्याच दिवसांत शाळेत खेळाडूंच्या निवड चाचणीचं पत्र येतं. क्रीडा शिक्षक म्हणून ते माझ्याच टेबलावर येतं. टँकर आणि ते पत्र एका आठवड्यात आलं की पूर्वी मी ते दोन-दोन दिवस उघडायचोच नाही. आता तसं काही होत नाही. मी पत्रावर तारीख टाकतो, सही करतो, फायलीला लावतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. काही होत नाही, हेच सांगायला बसलोय खरं तर.

समोरच्या घरातली ऋतुजा बारावीला आहे, फुटबॉल खेळते. परवा फोन घेऊन आली. कुठल्याशा शहरात कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर तिची स्पर्धा आहे.

“सर, हे बूट घेऊ का हे? टर्फवर पहिल्यांदाच खेळणारे मी.”

“तळवा दाखव.”

“अहो सर, रंग बघा ना आधी.”

“रंग तू बघ. मला तळवा दाखव.”

मग मी तिला सांगत बसलो. लांब खुंट्यांचे नको, धातूचे तर मुळीच नको. तळव्याला रबराचे आखूड, बारीक, पुष्कळ दाणे असलेले घे. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. खेळताना घालणार तेच मोजे घालून माप बघ. आणि बूट घातला की चवड्यावर जोर देऊन जागच्या जागी फिरून बघ. बूट तुझ्याबरोबर फिरला पाहिजे. तो जमिनीला धरून राहिला आणि तू फिरलीस, तर परत ठेवून ये, कितीही आवडला असला तरी.

“सर, तुम्ही टर्फवर किती खेळलात?”

“एकदाही नाही.”

“मग तुम्हाला एवढं कसं माहीत?”

“चहा झाला का बघ आत,” मी म्हणालो. ती हसली. चहा कुणी टाकलाच नव्हता.

---

ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळात मी लोहाऱ्याच्या अलीकडच्या एका गावी हायस्कूलला होतो. वय अठ्ठावीस. शाळा सहकारी साखर कारखान्याच्या मंडळींनी काढलेली. त्या वर्षी ऊस नव्हता, कारखान्याची चिमणी थंड होती, पण शाळा चालू होती. आमच्याकडं निजामाच्या काळापासून हॉकीचं वेड होतं. पोरं बाभळीच्या वाकड्या फांद्या सुताराकडून तासून घ्यायची. मी मुलींचा संघ काढला तेव्हा गावानं दोन महिने चेष्टा केली, मग सोडून दिलं.

मैदान आम्हाला दुष्काळानं दिलं. गावाशेजारचा पाझर तलाव तळापर्यंत आटला होता. त्याच्या बांधावर रोजगार हमीचं काम चालू होतं. बाया खडी फोडायच्या, मुरूम वाहायच्या. तलावाच्या पोटातल्या गाळाला हातभर रुंद भेगा पडलेल्या. त्या बायांनी जेवणाच्या सुट्टीत चार-चार पाट्या मुरूम आणून त्या भेगा भरल्या, धुमसानं चोपल्या. असं करता करता एक सपाट, टणक, तांबूस चौक तयार झाला. जिथं एरवी दोन पुरुष पाणी असायचं तिथं आमच्या पोरी धावायच्या. चेंडू ठोकला की तलावाच्या तिन्ही बाजूंनी आवाज परत यायचा. मासळीचा सुकलेला वास यायचा तळातून, उन्हं कलली की जास्तच.

आणि हे आजवर मी कुणाला बोललो नाही: गाव आभाळाकडं बघत होतं तेव्हा मी मनातल्या मनात म्हणायचो, आत्ता अवकाळी येऊ नये, चाचणीपर्यंत तलावात थेंब पडू नये. बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्या मैदानाच्या कडेनं जायच्या, मला रामराम घालायच्या आणि मी आत हे म्हणत असायचो.

सगळ्या पोरी अनवाणी खेळायच्या. कांताही. तिची आई गयाबाई त्याच खडीवर होती. सुट्टीच्या दिवशी आणि सकाळच्या वेळी कांता आईबरोबर खडी फोडायची, मग चेहऱ्यावरची धूळ तशीच ठेवून खेळायला यायची. तिचे पाय मला अजून दिसतात. रुंद, बोटं एकमेकांपासून सुटी, तळवा असा की बाभळीचा काटा वाकावा. ती चेंडू घेऊन सरळ अंगावर यायची आणि अगदी शेवटी टाचेवर गर्रकन फिरून दुसऱ्याच बाजूला निघून जायची. तिच्या टाचेखाली मुरमाचा एक गोल उमटायचा. खेळ संपल्यावर मैदानभर ते गोल मोजता यायचे.

निवड झाली तर सरकारी क्रीडा वसतिगृहात राहणं, जेवण, शिक्षण. गयाबाईला खेळातलं काही कळत नव्हतं, पण एवढं पक्कं कळलं होतं. तिनं कांतासाठी आलेलं एक स्थळ थांबवून धरलं होतं. मला म्हणायची, “जयभीम गुरुजी. आमची पोरगी जाईल न्हवं? म्या खडी फोडते ती फोडते. तिच्या हातात नगं घन.”

“जाईल,” मी म्हणायचो. त्यात थाप नव्हती. ती गेलीच असती.

---

त्या वर्षीच्या पत्रात दोन ओळी नवीन होत्या. चाचणी कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर होईल. सामन्यापूर्वी मैदान ओले केले जाईल, खेळाडूंनी योग्य पादत्राणे आणावीत.

कृत्रिम हिरवळ मी पाहिली नव्हती. जिल्ह्यात कुणीच पाहिली नसावी. विचारायला हवं होतं. पत्राखाली पत्ता होता. पण मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला माणूस, मी कसा विचारणार? मी ‘ओले’ हा एकच शब्द धरला. आमच्या काळ्या रानात ओलं म्हणजे चिखल. ओल्या रानात बैल रुततो, चप्पल निघून येते, माणूस घसरून पडतो. मैदान ओलं करणार, म्हणजे चिखल होणार, म्हणजे जमिनीत रुतून धरणारे बूट पाहिजेत. मैदान ओलं होऊनही चिखल होत नाही, अशी जमीन कुठं असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कारखान्यात तेव्हा सुईदोरा घ्यायचा तरी ठराव लागायचा. संचालक मंडळाच्या बैठकीत चेअरमन मला म्हणाले, “सर, पोरी आपल्या भागाचं नाव काढायल्यात. बूट कारखाना देणार. कसलं पायजेल तेवढं सांगा. आमाला ऊस कळतो, बूट कळत न्हाय.”

मी उभा राहिलो. “स्टडचे पाहिजेत साहेब. तळाला खुंट्या असतात. ओल्या मैदानाला तेच लागतात.”

“झालं तर. लिवा.”

सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. कारकुनानं माझे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मला बरं वाटलं होतं.

बूट आणायला मी सोलापूरला गेलो. हमीदचाचांचं दुकान लहान होतं, पण रेल्वेत खेळणारी पोरं तिथूनच बूट न्यायची म्हणून नाव होतं. चाचांनी माझी मापांची यादी बघितली, चष्मा कपाळावर चढवला.

“मास्टर, किदर खेलना है बच्च्यांकू?”

मी सांगितलं.

“वो पिलाष्टिक की घास पे? फिर ये नक्को. वहाँ मिट्टीच नै, खुंटी जाएगी किदर? पाँव पकडके रखेगी वो.” त्यांनी आतून एक जोड आणून काउंटरवर उलटा ठेवला. तळाला मसुराएवढे रबराचे दाणे. “ये लेके जाव. नै तो नंगे पाँव खेलाव, अल्ला कसम वो भी अच्छा.”

मी तो जोड हातात घेतला. हलका होता. दाण्यांवरून अंगठा फिरवला. चाचा खरं सांगताहेत हे मला त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगून बघितलं, पण कळलं होतं.

मी म्हणालो, “चाचा, ठराव स्टडचा झालाय.”

“ठराव तुमारा. घुटना बच्ची का.” ते खुंट्यांचे बूट बांधायला लागले.

परत जाऊन चेअरमनना एवढंच सांगायचं होतं, साहेब, माझं चुकलं, दुसरे आणावे लागतील. ते हसले असते आणि “बदला की मग” म्हणाले असते. तो माणूस वाईट नव्हता. अडचण त्यांची नव्हती, ठरावाचीही नव्हती. भर बैठकीत मी उभा राहून सांगितलं होतं, आणि ते शब्द मला मागं घ्यायचे नव्हते.

---

कारखान्याच्या ऑफिसात बुटांना हळदकुंकू लावून नारळ फोडला, फोटो काढला. पोरींच्या आयुष्यातले ते पहिले बूट. कुणीच ते घालून घरी गेलं नाही. मळतील म्हणून हातात धरून, तळवे वर करून नेले. दुसऱ्या दिवशी तलावात घातले तर मुरमावर खडाखडा वाजायला लागले. कांताची चाल बघून शालन नावाची पोरगी, गोलात उभी राहायची ती, हसून हसून खाली बसली.

“कांते, खुराला पत्री ठोकलेल्या बैलावानी चालायलीस गं!”

“तू गप. तुजं तर बूट तुलाच वडून न्यायलेत.”

मी शिट्टी वाजवली. बूट झिजू नयेत म्हणून सरावाला काढून ठेवा म्हणालो. म्हणजे त्या बुटांत त्या धड धावल्यासुद्धा नव्हत्या. हाही निर्णय माझाच.

त्या शहराचं नाव मी लिहीत नाही. सकाळी मैदानावर पोचलो. इतकं हिरवं मी कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडं ज्वारी पोटरीत येते तेव्हाही नाही. आणि दोन माणसं मोठ्या पाइपांनी त्या हिरव्यावर पाणी मारत होती. पाण्याचा पडदा उन्हात हलत होता, कडेच्या गटारीला धार लागली होती. आमच्या अकराही पोरी जाळीला हात लावून उभ्या राहिल्या. आमच्या गावात तेव्हा घरटी चार घागरी मिळत होत्या.

“सर,” शालन हळूच म्हणाली, “पलास्टिकला पानी पाजायलेत व्हय?”

कोणी हसलं नाही. कांता आत गेली, खाली बसली, त्या हिरव्यावर तळहात दाबला आणि ओला तळहात जिभेला लावून बघितला.

“गोडं हाय,” ती म्हणाली.

चिखल नव्हता. पाणी निथळून जात होतं आणि खाली चटईसारखं काहीतरी टणक होतं. मी माझ्या चपलेनं घासून बघितलं. त्या वेळी शेजारच्या संघाच्या बाई आल्या. आमच्या पोरींच्या पायाकडं बघून म्हणाल्या, “अहो, हे बूट इथं नका वापरू. आमच्याकडे जास्तीचे चार-पाच जोड आहेत, ह्यांना घालून बघा.”

“आमच्या मुलींना सवय आहे,” मी म्हणालो.

कांतानं ते ऐकलं. सवय कितपत आहे ते तिला ठाऊक होतं. ती माझ्याजवळ आली, अगदी हळू बोलली. “सर, म्या काढू का? खाली धरायलंय.”

कारखान्याची जीप आली होती. चेअरमन आणि दोन संचालक मंडपात बसले होते, फोटोवाला बरोबर होता.

“साहेब बसलेत,” मी म्हणालो. “गप घालून खेळ.”

पहिली पाच-सात मिनिटं ती जपून खेळली. मग चेंडू तिच्याकडं आला आणि ती जपायचं विसरली. ती सरळ गेली, समोरची मुलगी अंगावर येईपर्यंत गेली आणि तिची ती टाचेवरची गिरकी घेतली. अंग फिरलं. कंबर फिरली. बूट जिथं होता तिथंच राहिला, बोटं पुढं करून. मधे गुडघा होता.

ती ओरडली नाही. खाली बसून बुटाकडं बघत होती. मी धावत गेलो तेव्हाही बूट सरळच होता. नाडीसुद्धा सुटली नव्हती.

---

इथपर्यंतचं मी अज्ञान म्हणू शकेन, मोठेपणा म्हणू शकेन. खरं सांगायचं आहे ते पुढचं.

परत आल्यावर मी अहवाल लिहिला. ‘खेळाडूने पाय चुकीचा टाकल्यामुळे दुखापत झाली.’ बैठकीत तो वाचला गेला. संचालकांनी हळहळ व्यक्त केली आणि संघ तिथवर नेल्याबद्दल माझ्या अभिनंदनाचा ठराव केला. मी टेबलाला हात टेकून आभार मानले.

मग गयाबाईकडं गेलो. ती खडीवरच होती. कांता घरी, पाय फळीला बांधलेला. गयाबाईनं घन बाजूला ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

“गुरुजी, बूट हुतं की पायात?”

“होते.”

“चांगलं हुतं?”

“चांगले होते.”

“मग कसं काय झालं वो?”

“पाय वाकडा टाकला तिनं, गयाबाई. घाई केली.”

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. तो ठेवताना मी तिचा चेहरा बघितला. मग तिनं घन उचलला. तलावाच्या बाहेर निघेपर्यंत मागं ठोके ऐकू येत होते. पुढल्या पावसाळ्यात तलाव भरला, मैदान बुडालं; गावानं पाण्याला नारळ वाहिले. संस्थेच्या दुसऱ्या शाळेत माझी बदली झाली. त्यानंतर मी शेकडो पोरं खेळवली, आणि प्रत्येकाचा तळवा आधी बघितला. लोक म्हणतात, सर फार काटेकोर.

---

ऋतुजाला बूट सांगितले त्याच्या चौथ्या दिवशी मी प्रवासी जीपनं लोहाऱ्याला गेलो. कांता तहसील कचेरीच्या भिंतीला टेबल लावून अर्ज लिहून देते, हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं. तिथं काही काम निघालं तर मी मेव्हण्याला पाठवायचो. बाभळीची विरळ सावली, टेबलावर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा, त्यावर दगड. केस पांढरे झालेत तिचे. एक पाय बाकाखाली सरळ लांब केलेला.

“सर!” तिनं ओळखलं लगेच. “या, बसा बसा. कसला अर्ज हाय?”

“अर्ज नाही, कांता.”

“मग उत्पन्नाचा दाखला? तलाठी आज न्हाय बघा.”

“बुटांचं सांगायचं होतं.”

मी सांगितलं. हमीदचाचा काय म्हणाले ते. त्या बाई बूट देत होत्या ते. अहवालात काय लिहिलं ते, तिच्या आईला काय सांगितलं ते. इतकी वर्षं मी ते आत धरून होतो आणि सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मधे एक म्हातारा वाकून म्हणाला, “ताई, माजा फोटू चिटकिवलाव का?” ती म्हणाली, “थांबा मामा, जरा.”

“म्हंजी माझा पाय वाकडा पडला न्हवता?”

“नाही.”

“नीट पडला हुता?”

“नीट पडला होता.”

ती डिंकाच्या बाटलीचं बूच फिरवत राहिली. “म्या लई आठवून बघितलंय सर. खडीवर बसल्यावर, भाकरी करताना. पाय कुठं वाकडा पडला ते सापडायचंच न्हाय. वाटायचं, मलाच खोटं आठवायलंय.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं मान हलवली. रागानं नाही, अर्जात काही चुकलं की हलवतात तशी.

“आईला सांगाया पायजे हुतं. आई मरूस्तवर म्हणायची, ‘समदं दिलं हुतं पायात, पर पोरीला पाय टाकता आला न्हाय.’ पावण्यारावळ्यांत म्हणायची. आता मला सांगून काय हुतंय, सर?” मग म्हाताऱ्याकडं वळली. “द्या मामा, फोटू द्या.”

मी बसून राहिलो. जायला हवं होतं ते कळत होतं. तिनं फोटो चिकटवला, अंगठ्यानं दाबला, आणखी तिघांचे अर्ज लिहिले. कचेरी सुटली तेव्हा गठ्ठा पिशवीत भरून भिंतीला धरून उठली. तिचं घर स्टँडच्या पलीकडं. वाट एकच होती. ती निघाली, गुडघा न वाकवता, कमरेतून पाय पुढं टाकत. मी मागं चालू लागलो. हळू, तिच्या चालीनं.

वीसेक पावलांवर ती थांबली. मागं न बघता म्हणाली, “सर, मागनं येऊ नका. म्होरं व्हा, न्हायतर बराबर चाला. मागनं कुणी पायाकडं बघितलेलं मला खपत न्हाय.”

पुढं होणं सोपं होतं. जीप समोर उभी होती, जीपवाला हाका मारत होता. मी तिच्या बरोबरीला गेलो. माझं पाऊल लांब पडत होतं, ते दर वेळी आखडून घ्यावं लागत होतं.